रंग तोलण्याआधी काटा तपासा

ईद जवळ आली की नागपुरात मोमिनपुऱ्यापासून टेका नाक्यापर्यंत अनेक घरांत एक व्यवसाय जोर धरतो. गांधीबागेतून ड्रेस मटेरियल, दुपट्टे, शरारे आणायचे, घरीच फोटो काढायचे, लेकीने ते लॅपटॉपवर नीट करायचे आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचे. दुकानाचे भाडे नाही, घराबाहेर पडण्याची गरज नाही आणि मुलीच्या फीचे पैसे सुटतात. या व्यवसायात एकच वाक्य फार महागात पडते: "बाजी, फोटोत तर मेहंदी कलर होता, हा तर शेवाळी निघाला." कपडा परत येतो, कुरिअरचे पैसे जातात आणि पुढच्या ईदला ती ग्राहक दुसरीकडे वळते.

निकाहच्या अल्बमचेही असेच होते. लॅपटॉपवर नवरीचा जोडा लालभडक दिसतो, पण लॅबमधून प्रिंट येते ती काळपट मरून. मग फोटोग्राफर लॅबवाल्याला बोलतो, लॅबवाला फाइलकडे बोट दाखवतो आणि घरची मंडळी दोघांवर नाराज होतात. खरे तर अशा बऱ्याच भांडणांत कॅमेरा, लॅब आणि शिवणाऱ्याचा काही दोष नसतो. चूक असते ती लॅपटॉपच्या स्क्रीनची, आणि तिला कोणी विचारतच नाही.

म्हणून या महिन्यात आम्ही स्क्रीनचे रंग प्रमाणित करण्याविषयी लिहीत आहोत. तंत्राच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात. शब्द अवघड असला तरी गोष्ट ओळखीची आहे. किराणा दुकानातला काटा दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. ठरलेले वजन ठेवून काटा बरोबर आहे का ते पाहतात, नसेल तर दुरुस्त करून शिक्का मारतात. स्क्रीन हाही काटाच आहे, त्यावर आपण रंग तोलतो. फरक इतकाच की हा काटा तपासायला कोणी येत नाही, ते काम आपले आपणच करायचे असते. माप पुरे भरावे हे आपल्या मुलांना आपण लहानपणापासून सांगतो. जो रंग दाखवला तोच रंग द्यावा, हेही त्याच शिकवणीत येते.

डोळ्यावर किती भरवसा ठेवावा?

"आम्हाला रंग कळत नाहीत का?" असे काही जण विचारतील. कळतात, नक्कीच कळतात. मोमिनपुऱ्याचे नावच मुळी विणकर मोमिनांवरून पडले आहे. हातमागावर बसणाऱ्या आपल्या वाडवडिलांना फिरोजी आणि मोरपंखी यांतला फरक शिकवावा लागत नव्हता. पण सूत पारखताना ते काय करत, ते आठवा. लडी हातात घेऊन ते दाराशी, दिवसाच्या उजेडात येत. आजही कापड दुकानात जाणती बाई दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. "जरा बाहेर उजेडात बघू द्या," म्हणते आणि थान घेऊन पायरीपर्यंत येते. डोळा चांगला असला तरी उजेड बरोबर हवा, हे तिला ठाऊक असते.

हीच गोष्ट हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी शास्त्राच्या पातळीवर मांडली. बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिऱ्यात काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा ग्रंथ लिहिला. गडद रंगाची वस्तू मंद उजेडात काळपट दिसते आणि तीच तेज उजेडात खुलते, असे त्यांनी प्रयोगांच्या आधारे नोंदवले. 2015 साली युनेस्कोने आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष पाळले, तेव्हा या ग्रंथाच्या हजार वर्षांची जगभर आठवण काढली गेली.

डोळ्याची आणखी एक सवय आहे. तो भोवतालच्या उजेडाशी जुळवून घेतो. लॅपटॉपवर रात्री 'नाइट लाइट' चालू करून पाहा. पहिले मिनिटभर पडदा पिवळट वाटतो, पंधरा मिनिटांनी तोच पडदा पांढरा वाटू लागतो. स्क्रीन पिवळी होती तशीच असते, फक्त डोळ्याने तिला माफ केलेले असते. म्हणून वर्षानुवर्षे एकाच स्क्रीनवर काम करणाऱ्याला तिचा दोष दिसत नाही.

चूक उलटी होऊन बाहेर पडते

स्क्रीन बिघडलेली असली की परिणाम उलटा होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. समजा तुमची स्क्रीन थोडी निळसर आहे. त्यावर नवरीचा चेहरा फिका, निस्तेज दिसतो. तुम्ही चांगल्या हेतूने थोडा पिवळा आणि लाल वाढवता. आता तुमच्या पडद्यावर चेहरा छान दिसतो, पण फाइलमध्ये पिवळेपणा जाऊन बसला. दुसऱ्याच्या फोनवर आणि प्रिंटमध्ये तो चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसणार.

उजेडाचेही तसेच आहे. अनेक घरांत लॅपटॉपचा ब्राइटनेस कायम पूर्ण ठेवलेला असतो. त्यावर फोटो नको तितका उजळ दिसतो, म्हणून तो थोडा काळा केला जातो. प्रिंट आली की सगळे म्हणतात, "अंधार झाला." प्रिंट काळी येण्याच्या तक्रारीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

प्रमाण म्हणजे काय?

किलोचे वजन जसे सगळीकडे एकच, तसे रंगांचेही प्रमाण ठरलेले आहे. 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 'एसआरजीबी' नावाचे प्रमाण सुचवले आणि 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. लाल, हिरवा आणि निळा हे तीन मूळ रंग नेमके कोणते, पांढरा किती पांढरा आणि मधल्या छटा किती उजळ, हे त्यात ठरवून दिले आहे. त्यातला पांढरा साधारण 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. छटांचा चढ ज्याने मोजतात त्याला गॅमा म्हणतात आणि तो सुमारे 2.2 धरतात. इंटरनेट, व्हॉट्सअॅप, बहुतेक फोन आणि बहुतेक फोटो लॅब याच प्रमाणाला धरून चालतात. आपली स्क्रीन या प्रमाणाच्या शक्य तितकी जवळ आणणे, एवढाच कॅलिब्रेशनचा अर्थ.

पैसे न खर्चता काय करता येईल?

आधी खोली पाहा. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणावर हिरवी जाळी ताणलेली असते. त्या जाळीखाली सगळ्यावर हिरवट झाक पडते. तिथे काढलेला फोटो आणि तिथे बसून तपासलेला रंग, दोन्ही फसवे. गुलाबी किंवा हिरव्या भिंतीसमोर, रंगीत पडद्याजवळ काम करू नये. स्क्रीनवर थेट ऊन किंवा दिवा पडू नये. खोलीतला उजेड रोज साधारण सारखा असावा.

मग लॅपटॉप पाहा. स्क्रीन मऊ सुती कापडाने पुसा. चार्जर लावा, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपोआप उजेड कमी करतात. अर्धा तास चालू राहू द्या. नाइट लाइट बंद करा, उजेड आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा, एचडीआर चालू असेल तर तेही बंद करा. मॅकबुक असेल तर 'ट्रू टोन' बंद करा. काही कंपन्या स्वतःचे रंग भडक करणारे सॉफ्टवेअर घालून देतात. त्यात 'एसआरजीबी' असा पर्याय असेल तर तो निवडा, 'व्हिव्हिड' असेल तर सोडा.

तिसरी पायरी ब्राइटनेसची. स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडा. शेजारी वहीचा कोरा पांढरा कागद धरा आणि त्यावर खोलीतला उजेड पडू द्या. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर ब्राइटनेस कमी करा. पान आणि कागद सारखेच उजळ वाटू लागले की थांबा. ब्राइटनेस कुठे ठेवला तो आकडा कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा. व्यावसायिक मंडळी प्रिंटच्या कामासाठी हा उजेड 80 ते 120 निट्स ठेवतात. घरी मोजता येत नसला तरी कागदाची युक्ती त्याच्या आसपास पोहोचवते.

चौथी पायरी स्वतः कॅलिब्रेशनची. विंडोजच्या शोधपट्टीत 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असे इंग्रजीत लिहा. एक मार्गदर्शक उघडतो. आधी गॅमा येतो. वर्तुळांच्या मधले ठिपके जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत पट्टी सरकवायची. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टच्या पायऱ्या लॅपटॉपवर सोडून दिल्या तरी चालतात. शेवटी लाल, हिरवा, निळा यांच्या तीन पट्ट्या येतात. समोरच्या राखाडी पट्ट्यांवर कोणत्याही रंगाची झाक राहणार नाही इतपतच त्या हलवा. घाई करू नका. मध्येच खिडकीबाहेर पाहून डोळ्याला विसावा द्या. पूर्ण झाल्यावर 'आधीचे' आणि 'आताचे' असे दोन्ही पाहता येते. मॅकमध्ये ही सोय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये, कलर प्रोफाइलच्या यादीत सापडते.

या सगळ्या वेळी स्क्रीन डोळ्यासमोर काटकोनात असावी. स्वस्त लॅपटॉपमधील 'टीएन' जातीच्या पडद्यावर मान थोडी खालीवर केली तरी रंग बदलतो. 'आयपीएस' पडद्यावर हा त्रास खूप कमी असतो.

डोळ्याने केलेल्या कॅलिब्रेशनची मर्यादा

वरची पद्धत मोठी चूक काढते, बारीक चूक काढत नाही. कारण परीक्षक पुन्हा डोळाच. बारीक काम करायचे तर रंग मोजणारे यंत्र लागते. डेटाकलर कंपनीचे 'स्पायडर' किंवा कॅलिब्राइट कंपनीची यंत्रे यासाठी वापरली जातात. मुठीत मावणारे हे यंत्र स्क्रीनवर टेकवून ठेवतात. संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो आणि प्रत्यक्ष किती प्रकाश बाहेर पडला ते यंत्र मोजते. लाल मागितला आणि किंचित नारिंगी आला, तर त्याची नोंद होते. या नोंदींवरून त्या स्क्रीनची एक फाइल बनते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. फोटोशॉप आणि लाइटरूम ही फाइल वाचून रंगांची भरपाई करतात. एका लॅपटॉपची फाइल दुसऱ्याला चालत नाही, अगदी त्याच मॉडेलच्या लॅपटॉपलाही नाही. म्हणून दुसऱ्याची फाइल उतरवून घालण्याचा मोह टाळावा.

यंत्राला हजारो रुपये पडतात. एका घराने ते घेणे परवडत नाही आणि गरजही नाही, कारण ते महिन्यातून अर्धा तासच लागते. वस्तीतल्या पाच-सहा फोटोग्राफर आणि डिझायनर मुलामुलींनी मिळून एक घ्यावे आणि आळीपाळीने वापरावे, असे आम्ही सुचवतो. बीसी लावून फ्रीज घेणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. सोबत चालणारे 'डिस्प्लेकॅल' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. लॅपटॉपचा उजेड वापराने हळूहळू मंद आणि पिवळट होतो, म्हणून एकदा करून भागत नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्याने महिन्यातून एकदा आणि घरगुती कामाला दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करावे.

जे कॅलिब्रेशनने होत नाही

पावशेराच्या भांड्यात शेरभर दूध मावत नाही. स्क्रीनचेही तसेच आहे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '45 टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. असा पडदा एसआरजीबीमधले जेमतेम दोन-तृतीयांश रंग दाखवू शकतो. त्याला कितीही प्रमाणित केले तरी गडद लाल किंवा तेज हिरवा त्यात येणारच नाही. लेकराला डिझाइनच्या अभ्यासासाठी नवा लॅपटॉप घेत असाल तर मेमरी आणि प्रोसेसरबरोबर ही ओळही वाचा. '100 टक्के एसआरजीबी' किंवा '72 टक्के एनटीएससी' लिहिलेला आयपीएस पडदा घ्या. महागडा गेमिंग लॅपटॉप घेऊन आत पडदा साधा निघाला, तर चित्रकलेच्या विद्यार्थ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

छापखान्याचीही मर्यादा असते. स्क्रीन प्रकाशाने रंग बनवते, छापखाना चार शाईंनी. स्क्रीनवरचा तेज नारिंगी आणि पोपटी हिरवा शाईत तसा उतरत नाही. संत्र्याच्या शहरात हे लगेच पटेल: संत्र्याचा जो तजेला पडद्यावर दिसतो, तो छापील पत्रिकेवर थोडा मातकट होतो. निकाहच्या पत्रिकेवर हिरवा आणि केशरी रंग हवा असेल तर स्क्रीन पाहून होकार देऊ नका. एक प्रत छापून मागा आणि ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहा. फोटो लॅबलाही एक छोटी 4 बाय 6 ची प्रिंट 'नो करेक्शन' सांगून काढायला द्या, कारण लॅबचे यंत्र बऱ्याचदा स्वतःच रंग सुधारते. ती प्रिंट आणि तुमची स्क्रीन जुळली की काटा बरोबर आहे असे समजा.

आणि ग्राहकाचा फोन? तो आपल्या हातात नाही. तिचा फोन रंग भडक दाखवत असेल तर आपण काही करू शकत नाही. पण आपली बाजू साफ ठेवता येते. फोटो सकाळी, सावलीत पण मोकळ्या उजेडात काढा. एका फोटोत कपड्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे नंतर लॅपटॉपवर पांढरा रंग जुळवता येतो. सेव्ह करताना 'एसआरजीबी' निवडा. फोटोखाली रंग शब्दांत लिहा: "मेहंदी, पिवळटपणाकडे झुकणारा, शेवाळीपेक्षा उजळ." कपडा महाग असेल तर चिंधीभर तुकडा आधी पाठवा. "प्रकाशामुळे रंगात फरक पडू शकतो" ही ओळ सगळेच लिहितात. स्वतःचा काटा तपासल्यावर ती लिहिणे शोभते, तपासण्याआधी ती नुसती पळवाट ठरते.

दोन गोष्टी पालकांसाठी

पहिली. मुलगा रंगांत वारंवार चुकत असेल, हिरव्या आणि तपकिरीत गोंधळत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणून रागावू नका. रंगांधळेपणा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतो. 1917 साली जपानचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी ठिपक्यांच्या चित्रांतून आकडा ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध केली, ती आजही नेत्रतज्ज्ञ करतात. पाच मिनिटांचे काम आहे. हे निघाले तरी फोटोग्राफी सोडावी लागत नाही. रंगांची शेवटची पारख दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून करून घ्यायची, एवढेच.

दुसरी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली वर्गात रंगचक्र सुरेख रंगवतात, पण घरी फोनवरच्या तीन फिल्टरांत चेहरा गोरा करतात. त्यांना प्रमाणित केलेल्या स्क्रीनवर एकदा न बदललेला फोटो दाखवा. गव्हाळ चेहऱ्यात किती छटा असतात, ते त्यांना तिथे दिसेल. अल्बम करणाऱ्या भावांनाही आमची हीच विनंती आहे. काटा बरोबर असताना नवरीला चार छटा गोरी केली, तर दोष स्क्रीनचा राहत नाही.

पुढच्या सणाची ऑर्डर घेण्याआधी घरातल्या लॅपटॉपचा नाइट लाइट बंद करा, पांढरा कागद शेजारी धरा आणि ब्राइटनेसचा आकडा लिहून ठेवा. दहा मिनिटे लागतील. त्यानंतर घरात असलेला एखादा दुपट्टा आणि त्याचाच फोटो शेजारी ठेवून पाहा, आणि काय फरक दिसला ते आम्हाला पत्राने कळवा.